ज्याने भरलं त्याने आधी झाडायचं

शनि. ४ ऑक्टो.

आज काडतूस स्वतःच्या हाताने भरलं! क्लबच्या कुलूपबंद खोलीत, आणि शस्त्रागार सांभाळणारा नबील दारात खुर्ची टाकून बसलेला. घरी भरायला इथे परवानगी नाहीच. बरंय ते. आमच्याकडे सुहासने त्याच टेबलावर इस्त्री सुरू केली असती.

शिकवायला शिरीषदादा. सुहासला दुबईत पहिली नोकरी ह्यांनीच लावून दिली, माझं इथलं पहिलं महिन्याचं सामानसुद्धा ह्यांनीच आणलं. सख्ख्या दिरापेक्षा जवळचे. पक्के पुणेकर, श्वास घ्यायलाही नियम. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. उरलेली पावडर लगेच त्याच डब्यात, मग झाकण, मग बोलायचं. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात, थोडं थोडं वर, आणि प्रत्येक पायरीला थांबून काडतुसाची रिकामी पुंगळी बघायची. रायफल 'नको' म्हणाली की थांबायचं, तिच्याशी हुज्जत घालायची नाही.

आणि शेवटचा: ज्याने भरलं त्याने आधी झाडायचं. दुसऱ्याच्या हातात देण्याआधी आपल्या गालाशी.

म्हटलं, दादा, हे नियम जरा मेधावहिनींच्या स्वयंपाकघरात लावा की. जिऱ्याच्या डब्यात ओवा, चहाच्या डब्यात दाण्याचं कूट. म्हणाले, "तिथे माझं कोण ऐकतंय!" नबीलला हिंदीत सांगितलं तर तोही हसला.

कोल्हापूरला एनसीसीत धरलेली रायफल लग्नानंतर सुटली ती सुटलीच. आता डिसेंबरच्या क्लब मॅचला नाव दिलंय. रियाची आई म्हणून नाही, सुहासची बायको म्हणून नाही. माझं नाव. लई भारी वाटतंय.

शनि. ११ ऑक्टो.

आजचं अक्षर बघा.

सकाळी आधी दादांनी त्यांची काडतुसं भरली. तेवढ्यात त्यांना मॅनेजरचा फोन. क्लबचा इन्स्ट्रक्टर म्हणून त्यांचं पक्कं झालं, व्हिसासकट! डिसेंबरात त्यांचं ऑफिस त्यांना निवृत्त करतंय. हे मिळालं नसतं तर दोघं पुण्याला परत. वहिनींना तिथे आता कोणी नाही. नबीलला मिठी मारली दादांनी. "हबीबी, खलास, मैं इधर ही हूँ!" इथे खलास म्हणजे काम झालं. मग मी बसले. माझ्या डब्यातून पाच भरली, सगळ्यात खालच्या पायरीची. प्रत्येक माप दोनदा तोललं. दोनदा!

पहिलंच झाडलं. आवाज वेगळा, खांद्याला धक्का वेगळा. आणि बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडेना. नबीलने धावत येऊन रायफल हातातून घेतली. पुंगळीच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी, प्रायमर, टिकलीसारखी सपाट झालेली. म्हणजे आत दाब प्रमाणाबाहेर. खालच्या पायरीला असं होतच नाही.

नबीलने विचारायच्या आधी दादाच बोलले. "नई है. वजन में गलती हो गई होगी."

मी दोनदा तोललं होतं, म्हटलं. "होतं गं मंजू, सुरुवातीला होतं." पाठीवर थोपटलं. उरलेली चार माझ्या लॉकरमध्ये, पुढच्या शनिवारी नबील तपासणार. परतीच्या रस्त्यात मीच माझ्यावर चिडले. दादांच्या गाडीत रडू आलं तर त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला.

सोम. १३

क्लबचा मेल आला. भरायची खोली मला बंद. 'चौकशी होईपर्यंत.' मॅनेजर फोनवर गोड बोलत होता, मॅडम, इन्शाल्ला सब ठीक होगा. ऑफिसात दिवसभर आकडे दिसत होते पण वाचता येत नव्हते. खरंच चुकले का मी? काटा शून्यावर आणला होता ना?

सुहासचं एकच. "दादा म्हणतायत वजनात चूक, तर असेल. एवढी वर्षं करतायत ते."

म्हणजे बायको खोटी.

बुध. १५

ठरवलं. चूक माझी नाहीच. शनिवारी नबीलसमोर ती उरलेली चार झाडून दाखवणार. पहिल्यात काहीतरी भलतंच झालं असेल, बाकीची सरळ जातील, तोंडं बंद होतील.

दुपारी दादांना फोन करून सांगितलं. हॅलो? दादा? "हं... ऐकतोय. बघ तुला योग्य वाटेल तसं." आवाज कसासाच. म्हटलं मीटिंगमध्ये असतील.

रायफल 'नको' म्हणाली होती आणि मी हुज्जत घालायला निघालेय, हे लिहिताना आत्ता कळतंय. पण मानभंग झाला की माणूस असाच वागतो.

गुरु. १६

दुसरा मेल. आता रेंजही बंद! पाऊल ठेवायचं नाही. का? काय केलं मी आणखी? नबीलला विचारलं तर तो चाचरत म्हणाला, "सिस्टर, सीनियर मेंबर का रिक्वेस्ट आया." सीनियर मेंबर म्हणजे कोण, ते सांगेना. दादांना मेसेज केला, शोधून काढा ना कोण आहे तो मेला. दोन निळ्या खुणा, वाचला एवढंच.

मॅच गेली बहुतेक.

शुक्र. १७

मेधावहिनींकडे, त्यांच्या अल मनखूलच्या घरी, दिवाळीच्या फराळाला हात लावायला. दर वर्षी जातो. चकल्यांची भाजणी मी मळत होते, वहिनी सोऱ्या फिरवत होत्या. दादा सुहासला घेऊन खाली नारळ आणायला गेलेले. सहज बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, आणि शब्दनशब्द लिहून ठेवते:

"ह्यांना त्या शनिवारपासून जेवण जात नाही गं. फोनच्या आनंदात उरलेली पावडर तुझ्या डब्यात ओतली ना त्यांनी. रात्री पानावर बसल्यावर आठवलं, घास हातातच राहिला. मी म्हटलं, बघा, मला नावं ठेवता जिऱ्या-ओव्यावरून! मग, क्लबात मिटलं ना सगळं? तुला सांगितलंच असेल त्यांनी."

मी म्हटलं, हो.

काय करणार? त्या बिचारीला काही माहीत नाही. तेल तापलं होतं. मी चकल्या सोडत राहिले.

दादांची पावडर झपाट्याने जळणारी, त्याच वजनाला दाब कितीतरी जास्त; माझी सावकाश. दोन्ही काळ्या, बारीक, नजरेला सारख्याच. माझं वजन बरोबरच होतं. माल दुसरा होता.

दादा नारळ घेऊन आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मंजू, जमतायत का चकल्या?" चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चकल्यांची चौकशी!

त्याच शुक्र., घरी

एक गोष्ट आत्ता लक्षात आली आणि अंगावर काटा आला. शनिवारी रात्री त्यांना कळलं. बुधवारी मी फोन केला, उरलेली चार झाडते म्हणून. त्यांना माहीत होतं त्या चारांत काय आहे. माझ्या गालापासून वीतभरावर तो बोल्ट असतो.

"बघ तुला योग्य वाटेल तसं."

आळ घेतला ते मी सोडलं असतं. देवाशपथ सोडलं असतं. हे कसं सोडू?

शनि. १८

दादांना कॉर्निशवर बोलावलं, आमच्या बिल्डिंगसमोरच्या तळ्याकाठी. सरळ विचारलं. आधी "मेधाला त्यातलं काय कळतंय?" मग बाकावर बसले.

"व्हिसाचा कागद सहीला गेलाय गं. इन्स्ट्रक्टरनेच डबे मिसळले म्हटल्यावर कोण ठेवेल मला?"

आणि बुधवारचा फोन?

"म्हणून तर रेंज बंद करवली तुझी. मीच सांगितलं त्यांना. तू झाडू नयेस म्हणून. मंजू, मी तुला काही होऊ दिलं असतं का?"

मला हसूच आलं, वेड्यासारखं. मेला सीनियर मेंबर सापडला! म्हटलं, फोनवर 'झाडू नकोस' एवढं म्हणायला काय झालं होतं? दोन शब्द. चुकीच्या वजनाची आहेत, फेकून दे, असं खोटं जरी बोलला असतात तरी चाललं असतं.

"सुचलं नाही," म्हणाले.

आणि मेल गुरुवारऐवजी रविवारी आला असता तर? चष्मा पुसत बसले.

विश्वासाने मान दिली की केसाने गळा कापतात म्हणतात. ह्या माणसाने कापतानाही वर जपून कापतोय असंच सांगितलं. वाईट हे की थोडं खरंही असावं. जपलंच असेल त्यांनी त्यांच्या परीने. तेच जास्त लागतंय.

नबीलला लगेच मेसेज केला: ती चार कुणीही झाडू नका, माझा पावडरचा डबाही वापरू नका, कारण येऊन सांगेन. त्याने दोन्ही सील केलं. पुढच्या शनिवारी क्लबने मला आणि दादांना बोलावलंय.

मंगळ. २१

लक्ष्मीपूजन. दादा-वहिनी आले नाहीत. "ह्यांना बरं नाही," वहिनींचा फोन. आवाजावरून त्यांना आता कळलेलं दिसतंय. फराळाचा डबा मात्र ड्रायव्हरबरोबर पाठवला. चकल्या तशाच पडून आहेत.

सुहासला सगळं सांगितलं. म्हणाला, "मंजू, त्यांच्यामुळे आपण इथे आहोत. एक मॅच काय, पुढच्या वर्षी खेळ. त्यांना इथे पुढचं वर्ष नाही." मी म्हटलं, ते काडतूस तुझ्या गालाशी असतं तर? उठून गॅलरीत गेला.

रिया मोबाइलमधून मान वर न काढता, "आई, जस्ट टेल देम द ट्रुथ. व्हॉट्स द इश्यू?"

हिला काय सांगू, इश्यू काय आहे. वहिनींनी माझं बाळंतपण केलंय. हिच्याच वेळी.

शनि. २५

क्लबच्या पार्किंगमध्ये लिहितेय.

दादा नेहमीसारखे घ्यायला आले, नेहमीसारखा एकच हॉर्न. मी मागे बसले. आरशात बघितलं त्यांनी. शहर संपलं, वाळू लागली.

मग, "काय सांगणार आहेस?"

म्हटलं, झालं ते.

"सगळं?"

खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं. राग होताच, पण पुढच्या सीटवरचं ते टक्कल, मानेवरची ती कॉलर. ही कॉलर वहिनी हाताने घासतात. परत एकदा डोळे भरून आले आणि ह्या वेळी त्यांनी टिश्यू पुढे केले नाहीत. हिंमत झाली नसेल.

गाडी थांबल्यावर बोलले. दादा, नियम तुमचाच आहे. ज्याने भरलं त्याने आधी झाडायचं. तुम्ही आधी आत जा. मी नंतर येते. तुम्ही आत जे बोलाल ते ऐकून मग मी बोलेन.

इंजिन चालू ठेवून उतरले, मला एसी राहावा म्हणून. अजूनही काळजी!

आता दारापाशी आहेत. हँडलवर हात आहे. नबील आत टेबलावर माझा डबा आणि ती चार काडतुसं मांडताना काचेतून दिसतोय. दादांनी हात काढला. रुमालाने पुसला. परत ठेवला.

मॅनेजरची गाडी आली. उतरून त्याने दादांशी हात मिळवला. दादा हसले आणि त्याच्याबरोबर आत गेले.

मी पुढे वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली. उन्हात गाडी लगेच तापायला लागलीय. दार उघडायला हवं.