मखमली आवाजाचा ट्रॉम्बोन विकणे आहे

३ एप्रिल
ट्रॉम्बोन विकायचा. ठरलं म्हणजे ठरलं. लेकीची बदली इकडे झाली, महिनाअखेरीस बाळाला घेऊन राहायला येते आहे. जावई मागाहून येईल. मागच्या खोलीत पाळणा लावायचा तर ट्रॉम्बोनची पेटी हलायलाच हवी. हिने विषय काढायच्या आत मीच काढला. हिचं म्हणणं, ती दोन महिने तेच सांगते आहे. मला आठवत नाही.
कलावंताला थांबता आलं पाहिजे. भावनाविवश व्हायचं नाही. अट एकच, वाद्य लायक माणसाच्या हातात जावं. नाही मिळाला तर विकणार नाही. तसं हिला सांगितलंही, ती पडदे काढत असताना.

४ एप्रिल
जाहिरात लिहिली. पहिला खर्डा चार पानं. वेबसाइटवर एवढी अक्षरं मावत नाहीत म्हणे. कलेची कदर तिथेच कळली. शेवटी एवढंच ठेवलं: ‘टेनर ट्रॉम्बोन. पाणीपुरवठा खात्याच्या बँडमधील प्रमुख वादकाचा. मखमली आवाज. जाणकारांनीच फोन करावा.’
हिने वाचलं. म्हणाली, प्रमुख कुठे, तुम्ही तर शेवटच्या रांगेत कोपऱ्यात उभे राहायचात. समजावून सांगितलं की आवाजाचा तोल साधायला दमदार माणूस मागेच ठेवावा लागतो. ती दूध बघायला गेली. दूध फ्रीजमध्ये होतं.

५ एप्रिल, सकाळ
फोटोसाठी ट्रॉम्बोन पॉलिश केला. अंगचं सोनेरी थोडं उडालं, पण चमक आली. आठ फोटो काढले, आठही फोटोंत पितळेवर माझं तोंड दिसतंय, नाक फुगलेलं. नववा हिने काढला. त्यात तिचं बोट आलं. तोच टाकला.

७ एप्रिल
फोन नाही. नेटवर्कची बोंब असणार.

८ एप्रिल
शेजाऱ्यांच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. लागला.

१० एप्रिल
एकदम तीन फोन. पहिला हॉटेलवाला. त्याला भिंतीवरचा दिवा करायचाय, भोंग्यात बल्ब बसेल का विचारत होता. दुसऱ्याने नमस्कारही न करता विचारलं, लास्ट प्राइस काय. तिसऱ्याला बदल्यात ट्रेडमिल द्यायची होती, थोडी बिघडलेली. गाढवाला गुळाची चव काय. तिघांनाही सुनावलं.
ही म्हणाली, ट्रेडमिल घ्यायची की, तिची घडी तरी होते.

१२ एप्रिल
अखेर एक जाणकार. म्हणजे आल्याआल्या स्वतःच तसं म्हणाला. दारात चपला काढल्या, पेटी अदबीने उघडली, मला बरा वाटला. मग ओठ लावून फुंकला. काही नाही. पुन्हा फुंकला. लाल झाला. म्हणाला, काका, यातून हवाच जात नाही. मी हसलो. म्हटलं, दम लागतो. बँडातही दुसऱ्या कोणाला माझा ट्रॉम्बोन वाजवता आला नाही कधी. त्यांचे आवाज म्हणजे नुसता पत्रा. माझा मऊ, घरंदाज. कारण तंत्र. बँडमास्तरांनी मला आधी दोनदा परत पाठवलं होतं, पण मी पोटातून श्वास घ्यायला शिकलो आणि तिसऱ्या खेपेला गडी एका फुंकरीत आत. हे सगळं त्याला दाखवून सांगितलं. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.
आजकाल छात्याच राहिल्या नाहीत लोकांना.

१५ एप्रिल
किंमत उतरवली. हा तत्त्वाचा प्रश्न नाही, मार्केटचा आहे. जाहिरातीतलं ‘जाणकारांनीच’ही काढून टाकलं. ‘मखमली’ मात्र राहणार. मखमली आवाज हीच तर खरी वस्तू, बाकी पितळ भंगारातही मिळतं.
हिने पाळण्याचं माप घेतलं. पेटीच्या दोन्ही बाजूंनी घेतलं, मुद्दाम.

१८ एप्रिल, दुपार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. ही बाजारात गेली होती. बाईंनी विचारलं, आतून साफ कधी केला होता. मी म्हटलं, बाहेरून दर रविवारी. मग त्यांनी मागच्या वाकड्या नळीला हात घातला. ती ट्यूनिंग स्लाइड. सूर जुळवायला थोडी आतबाहेर करतात. म्हणजे इतर लोक करतात. बँडातली मंडळी प्रत्येक कार्यक्रमाआधी तिच्याशी खुडबुड करत बसायची, मी कधी बोटही लावलं नाही. जो मुळात सुरात आहे त्याने का लावावं? हे बाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पर्समधून रुमाल काढून नळीत ओवला. ओढला. हिसका दिला. मी म्हटलं, तुटेल. मग बाटलीचं बूच उघडावं तसा आवाज होऊन नळी हातात आली.
आत मोजा.
लहान बाळाचा. पिवळा असावा, आता हिरवा पडलाय. गुंडाळी करून व्यवस्थित कोंबलेला. बाईंनी तो चिमटीत उचलला. म्हणाल्या, “यातून आवाज निघत होता हेच नवल आहे.” मग त्यांनी नळी बसवून फुंकला. काय तो आवाज. कपाटाच्या काचा वाजल्या. बाई खूश, घेते म्हणाल्या, उद्याच. मी सांगितलं, थांबा. विचार करावा लागेल.
घातपात झालाय. मोजा पुरावा म्हणून टेबलाच्या खणात ठेवलाय. हिला इतक्यात सांगायचं नाही, उगाच घाबरेल.

१९ एप्रिल
रात्रभर हिशेब मांडला. इतकी वर्षं मी मोजा आत असताना वाजवत होतो. तरी असा वाजवत होतो. मोजा नसता तर? माणूस कुठल्या कुठे गेला असता. मनगटाला लोखंडाची साखळी बांधून चित्र काढायला लावल्यासारखं आहे हे.
विक्री रद्द. जाहिरात काढली. हिला सांगितलं, मी पुन्हा सुरुवात करतोय. हिने विचारलं, कशाची.

२० एप्रिल
संशय बँडातल्या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्यावर. शेजारी उभा राहायचा आणि माझी पाळी आली की पार पलीकडे सरकायचा. जळका. आठ वर्षांनी फोन लावला आणि थेट विचारलं, माझ्या वाद्यात मोजा तू घातलास का. तो हसायला लागला तो थांबेचना. पाठी त्याची बायको काय झालं विचारत होती, तिलाही सांगितलं त्याने. शेवटी म्हणाला, “अरे, मला सुचलं असतं तर मी जोडी घातली असती.”
पूर्वीपासूनच उथळ माणूस. पण घातलेला नाही त्याने. तेवढं डोकं नाही.

२२ एप्रिल
रियाज सुरू. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक. आवाज मोकळा झालाय हे नक्की. फक्त ताब्यात यायचाय. मोकळा सुटलेला बैल आधी उधळणारच. आज वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब खाली आले. म्हणाले, कसली दुरुस्ती चाललीय का. सांगितलं, संगीत. त्यांनी माफी मागितली आणि किती दिवस चालणार ते विचारलं.

२३ एप्रिल
वकीलसाहेबांनी कायद्यातलं एक कलम कागदावर लिहून दारातून सरकवलं. अक्षर छान आहे त्यांचं.
ओठ सुजलाय. जेवताना त्रास. हिला सांगितलं. कानात कापूस असल्यामुळे तिला मी काय म्हणतोय ते कळत नव्हतं.

२४ एप्रिल
बँड बंद पडून जमाना झाला, पण बँडमास्तर आहेत. थकलेत. त्यांच्याकडे ट्रॉम्बोन घेऊन गेलो. काहीच सांगितलं नाही, नुसतं वाजवलं. मनापासून वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग सून बाहेर येईपर्यंत ‘थांब’ म्हणून हात वर धरला. म्हणाले, मी पहिल्या दोन वेळी ऐकलं होतं ते हेच. अगदी हेच.
आता वय झालंय त्यांचं. काळाची सरमिसळ होते या वयात.

२६ एप्रिल
काल लेक आली. बाळ गोड आहे, नाक माझं. पाळणा अजून लागला नाही, पेटीमुळे. बाळ मधोमध आणि मायलेकी दोन कडांना अशा झोपल्या. मला बैठकीतला सोफा. मान अवघडली.
सकाळचा रियाज केला. बाळ रडलं. लहान मुलांना उच्च सूर झेपत नाहीत, हळूहळू सवय होईल. लेक म्हणाली, बाबा, प्लीज. तिला सांगितलं, तुझ्या बाबांवर केवढा अन्याय झालाय तुला माहीत नाही. म्हणाली, सांगा तरी. उद्या दोघींसमोर पुरावा ठेवणार.

२७ एप्रिल
जेवणं झाल्यावर खण उघडला आणि मोजा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. घातपात, जळकी माणसं, वाया गेलेली वर्षं. लेक ऐकत होती. ही मोजा उचलून उलटसुलट करत होती. मग तिने तो सरळ केला, बोटांनी दाबून दाबून, बाळाच्या पायाला लावून बघावं तसा. लेकीला म्हणाली, तुझा आहे हा. मग माझ्याकडे बघून म्हणाली,
“मीच घातला होता.”
लेक लहान होती, संध्याकाळी मुळीच झोपायची नाही. मी आलो की वाजवायला बसायचो. दोनदा नापास झालो होतो म्हणून मला कोणी थांबवायचंही नाही. हिने मागची वाकडी नळी ओढली, निघाली. मोजा कोंबला. पोर झोपली. फक्त आठवडाभर ठेवणार होती म्हणे, तिचे दात येईपर्यंत.
मी विचारलं, मग काढला का नाही.
“त्याच आठवड्यात तुम्हाला बँडात घेतलं,” ही म्हणाली. “तुम्ही पेढ्यांचा नाही, अख्खा केकचा डबा घेऊन आलात. जिना चढतानाच ओरडत होतात. मग कशी काढणार होते मी?”
लेक उठून आत गेली. बाळाचं काहीतरी करायचं होतं तिला, असं म्हणाली.

२८ एप्रिल
काही नाही.

२९ एप्रिल
पोटातून श्वास घेण्याचाही थोडा भाग असणारच. सगळाच काही मोज्याचा नसणार.

३० एप्रिल
मी हिला विचारलं, सगळाच मोजा होता का. ती भाजी चिरत होती. म्हणाली, युनिफॉर्म तुम्हाला छान दिसायचा. टोपी तर फारच.
जाहिरात पुन्हा टाकली. ‘टेनर ट्रॉम्बोन, वापरलेला.’ एवढंच. याहून जास्त काय लिहायचं ते सुचलं नाही. संगीताच्या बाईंना फोन केला, त्यांनी दुसरा घेतला म्हणे. एका मुलीच्या आईला सांगते म्हणाल्या.

३ मे, संध्याकाळ
त्या मुलीची आई येऊन ट्रॉम्बोन घेऊन गेली. घासाघीस केली नाही. मुलगी शिकायला लागलीय, खूप आवडतं म्हणे तिला. मी सोफ्यावर बाळाला घेऊन बसलो होतो. पेटी बंद करता करता त्या बाईंनी विचारलं, घरात कोण वाजवायचं. मी म्हटलं, कोणी नाही, नुसता पडून होता.
ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. म्हणाली, “हे वाजवायचे. खात्याच्या बँडात. बरीच वर्षं.”
त्या बाई एकदम खुलल्या. पेटी पुन्हा उघडली, ट्रॉम्बोन काढून माझ्यापुढे धरला, म्हणाल्या, मग जाण्याआधी एकदा वाजवून दाखवा ना, मुलीला सांगेन मी. माझा हात पुढे झाला होता.
“नको,” ही घाईने म्हणाली. “बाळ झोपलंय.”
त्या बाईंनी माझ्या मांडीकडे पाहिलं. बाळ टक्क डोळे उघडे ठेवून तिघांकडे आळीपाळीने बघत होतं. मी म्हटलं, हो, आत्ताच झोपलंय.