जगाला चष्मा

१ जुलै
आज क्लबचा अध्यक्ष झालो. माजी अध्यक्षांनी (दातांचे डॉक्टर) गळ्यात पट्टा घालताना तो मुद्दाम माझ्या कानात अडकवला. त्यांच्या वर्षात झालं काय, तर बसस्टॉपवर दोन बाकडी. तीही त्यांच्याच दवाखान्यासमोर. मी असल्या किरकोळ कामात अडकणार नाही. माझं व्हिजन इंटरनॅशनल आहे.
संकल्प: जगातल्या गरिबांना चष्मे. क्लबच्या आंतरराष्ट्रीय मासिकाच्या मुखपृष्ठावर मी. रोज सकाळी चालायला जाणे.

९ जुलै
योजना सोपी. गावातले जुने चष्मे गोळा करून परदेशातल्या सिस्टर क्लबला पाठवायचे. ते धुऊन, नंबर तपासून, जिथे गरज असेल तिथे वाटणार. गरज कुठे आहे ते त्यांना बरोबर कळतं. आपण फक्त मन मोठं ठेवायचं. माझ्या टाइल्सच्या शोरूममध्ये खोका ठेवला. वर माझा फोटो.
चालणं उद्यापासून.

२८ जुलै
खोक्यात चार चष्मे, एक गॉगल आणि बसचं तिकीट. एक बाई खोक्यापाशी बराच वेळ थांबली. दान करते आहे असं वाटून मी कॅमेरा काढला, तर तिने बाथरूमच्या टाइल्सचा भाव विचारला. लोकांना दानतच नाही.
सिस्टर क्लबला रिपोर्ट पाठवला. कमी चष्म्यांचं कारण काहीतरी द्यायला हवं, म्हणून लिहिलं की इथे लोकांकडे चष्मेच नाहीत. छान जमलं वाक्य.

२ ऑगस्ट
घरापासून सुरुवात करावी म्हणून बाबांच्या टेबलावरचा चष्मा उचलला. एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला. टाकाऊच. चांगला त्यांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. ही म्हणाली, बाबांना विचारलंत का? म्हटलं, दान विचारून होत नसतं.
खोका सील केला. सीलसह माझा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला.

३ ऑगस्ट
ड्रॉवरमधला चष्मा आईचा निघाला. ती गेल्यापासून तिथेच आहे म्हणे. मला कोणी सांगायला नको?
खोका उद्या जाणार. ही म्हणते, आत्ता जाऊन उघडा. हिला प्रोटोकॉल कळत नाही. फोटोत सील आहे आणि तिकडे खोका उघडून चिकटवलेला पोहोचला, तर माझी काय इभ्रत राहील? बाबांना म्हटलं, या आठवड्यात नवा आणतो. ते म्हणाले, बरं.

२६ ऑगस्ट
बाबा सकाळी पेपर हातात धरून बसतात आणि पानं उलटतात. आज म्हणाले, निधनवार्ता तेवढ्या वाच, ओळखीचं कोण गेलं ते कळत नाही. मला भाषणाची तयारी होती. विषय: दृष्टी.
ही त्यांना चष्म्याच्या दुकानात न्यायला निघाली तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, ज्याने नेला त्याने आणून द्यावा. म्हातारपणी हट्ट वाढतो.

१९ सप्टेंबर
बाबांनी अंदाजाने बटणं दाबून आत्याला फोन लावला. लागला दातवाल्याला. अर्धा तास बोलले. आज मीटिंगमध्ये दातवाल्याने सगळ्यांदेखत विचारलं, अध्यक्ष, घरचे कसे आहेत, दिसतं ना सगळ्यांना? सगळे हसले. माणूस मत्सराने किती खालच्या पातळीवर जातो.
बाबांचा चष्मा: सोमवारी नक्की. चालणं: सोमवारपासून.

७ ऑक्टोबर
सोमवारी फोटोग्राफर आला होता.

१४ नोव्हेंबर
सिस्टर क्लबची मेल आली. पहिलीच ओळ: आपल्या गावाची निवड झाली आहे. पुढचं लांबलचक होतं, वाचलं नाही. निवड सन्मानासाठीच करतात. त्यांच्या अध्यक्षबाई स्वतः येतायत. दातवाल्याला फोन करून सहज सांगितलं.
बॅनर, नवा सूट. सूट कमरेत आवळतो. शिंप्याचं माप चुकलं.

५ डिसेंबर
बाई आल्या. सोबत खोके. आमची निवड गरजूंमध्ये झाली आहे. माझा रिपोर्ट वाचून त्यांच्या क्लबमध्ये म्हणे बायका रडल्या. ज्या गावात लोकांकडे चष्मेच नाहीत, तिथले लोकही जगासाठी चष्मे पाठवतात! म्हणून आमचे चष्मे आणि त्यावर त्यांचे थोडे, असे सगळे इथेच वाटायचे.
मी म्हटलं, हीच माझी कल्पना होती.

६ डिसेंबर
शाळेच्या हॉलमध्ये वाटप. मी माइक धरून बाईंच्या शेजारीच उभा राहिलो, म्हणजे कोणत्याही फोटोत येणारच.
रांगेत बाबा. हीच घेऊन आली होती. मी खुणेने घरी जा म्हटलं, पण त्यांना खूण दिसली नसावी. बाईंनी एक-दोन चष्मे लावून पाहिले, मग खोक्यातून काळ्या दोऱ्याचा निघाला. बाबांनी बोटाने दोरा चाचपला आणि चष्मा घातला. बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, घरी कोण असतं? बाबा म्हणाले, मुलगा आहे, पण तो आंतरराष्ट्रीय आहे. बाईंचे डोळे भरून आले. बरेच फोटो निघाले.
मग बाबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. म्हणाले, किती सुटलायस.

११ फेब्रुवारी
मासिक आलं. मुखपृष्ठावर बाबा.
आतलं बाबांनीच मोठ्याने वाचून, मराठीत करून दाखवलं. ही हातातलं काम सोडून ऐकत होती. या वृद्ध गृहस्थांचा मुलगा परदेशात असतो. वर्तमानपत्र वाचून दाखवायलाही जवळचं कोणी नाही.
मी म्हटलं, यांनी चुकीचं छापलंय. बाबा म्हणाले, पहिलं वाक्य चुकलंय खरं.
मग त्यांनी चष्मा वर-खाली करून मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. कडेला माइक धरलेला एक हात आलाय, कोपरापर्यंत. हा कोणाचा रे, त्यांनी विचारलं.
म्हटलं, असेल क्लबचा कोणीतरी.