दाराखालून आलेली चिठ्ठी

प्रिय स्मिता,

आज शनिवार, सकाळचे अकरा वाजलेत. सानू समोर फरशीवर बसून चित्र रंगवतेय, मोठमोठ्याने गाणं म्हणतेय, आणि मी तिला "हळू" म्हणत नाहीये. फार दिवसांनी मोकळं वाटतंय गं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू देवाघरी गेल्यावर तुझ्या आई सहा महिने इंदिरानगरला आमच्याजवळ राहिल्या. मग बाबांचे गुडघे फारच दुखायला लागले आणि त्यांना इगतपुरीला परतावं लागलं. सानू तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. मी अंबडला कंपनीत गायकवाड साहेबांना भेटलो. म्हटलं, मशीनच्या पार्टची ड्रॉइंग घरून करतो.

"करा की," ते म्हणाले, "पण पोरीला बघायला कुणी आहे ना घरी?"

"आहे ना साहेब. आजी आहे."

पटकन बोलून गेलो! आणि मग ते खोटं रोज निभवावं लागलं.

सानू साडेबाराला शाळेतून यायची. तिला वरण-भात भरवायचा, कार्टून लावून द्यायचं आणि आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचं. मी तिला नियमच घालून दिला होता. दार बंद म्हणजे पप्पा ऑफिसात. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची.

"पपा भुक लागलि." "पपा पेनसिल तुटलि." त्या चिठ्ठ्यांचे फोटो मी मित्रांना कौतुकाने पाठवत होतो. कौतुकाने, स्मिता!

तुझी फार आठवण यायची तेव्हा. तूही याच खोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचीस, तेही सानू रांगत होती तेव्हापासून. मी संध्याकाळी कंपनीतून यायचो, बूट काढता काढता म्हणायचो, "आज पण खिचडीच? दिवसभर घरीच तर होतीस." तू म्हणायचीस, "हो, घरीच होते." बस, एवढंच. का गं? एकदा तरी भांडायचंस! एक दिवस सानूला माझ्याकडे सोपवून बाहेर निघून जायचंस. तू सगळं इतकं गुपचूप करायचीस की मला ते काम वाटलंच नाही.

गेल्या सोमवारची गोष्ट. दुपारी अडीचची ऑनलाइन मीटिंग, ग्राहक कंपनीची माणसं, गायकवाड साहेब, सगळे होते. मी ड्रॉइंग समजावत होतो. चिठ्ठी आली. वाटलं, पाच मिनिटांनी बघू. पाचाची वीस मिनिटं झाली. मग खाली वाकून उचलली.

"पपा मला उलटि झालि. मी पुसल. तु काम कर."

मी तसाच उठलो. सानू बाथरूममध्ये वॉशिंग मशीनला टेकून बसली होती. अंग तापलेलं, समोर बादलीत तिचा फ्रॉक. स्वतःच बुडवून ठेवला होता. मला बघून दचकली. कुजबुजत म्हणाली, "पप्पा, मीटिंग संपली?"

सहा वर्षांची पोर, स्मिता. आजारी असताना आवाज होऊ नये म्हणून जपत होती.

तिला टॉवेलमध्ये गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि लॅपटॉपसमोर उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, माझ्या घरात आजी नाही. बरेच महिने नाही. मी खोटं बोललो. मुलीला ताप आहे, मी निघतो." उत्तराची वाटही न बघता लॅपटॉप बंद केला.

डॉक्टर म्हणाले, साधं व्हायरल आहे, दोन दिवसांत बरी होईल. तिथेच बाकावर साहेबांचा फोन आला. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. ते चिडले होतेच. "खोटं कशाला बोललात? मला सांगायचं ना!" मग म्हणाले, "पोर कशी आहे?"

आता असं ठरलंय. सगळ्या मीटिंगा ती शाळेत असताना. दुपारची ड्रॉइंग मी माझ्या सवडीने संध्याकाळपर्यंत पाठवायची. मंगळवार-गुरुवारी खालच्या आहेर काकू तिला दोन तास बघतात. त्यांना विचारायलाच मी इतके महिने लाजत होतो! काकू म्हणाल्या, "अहो, मी वाटच बघत होते तुम्ही कधी विचारता ते."

खोलीचं दार आता उघडंच असतं. काल सानूने ड्रॉइंगच्या प्रिंटवर मांजर काढलं. मी हसलो. नवी प्रिंट काढली.

आणि काल तिने विचारलं, "मम्मी काम करायची तेव्हा मी कुठे असायचे?"

मला माहीतच नाही, स्मिता. मी तुला काम करताना कधी पाहिलंच नाही.

म्हणून तुला शब्द देतो. उद्या सानूला घेऊन इगतपुरीला जाईन. आई दर महिन्याला तुझ्याकडे येऊन राहायच्या, त्यांनी ते दिवस पाहिलेत. त्यांच्यासमोर बसून सगळं विचारेन. तू तिला मांडीवर घेऊन काम करायचीस का, कधी जेवायचीस, कधी रडायचीस का. जे कळेल ते सानूला सांगेन. आणि तिच्याबरोबर मीही ऐकेन.

तुझा,
संदीप