जोडीचं पान

३ फेब्रुवारी

ती. आत्यास, तुझ्या घुमीचा सा. न.

पत्र पोचलं. भिंगरीने ते पोस्टमनच्या हातातून हिसकावलं आणि जिना चढेपर्यंत सगळ्या गल्लीला कळवलं. तू पाठवलेला चष्मा तिला छान बसला. आता पुस्तकाला नाक न लावता वाचते, बडबड मात्र तेवढीच आहे. बारा वर्षांची झाली तरी मोठी म्हणून मला काडीचाही मान देत नाही. आईचा दम तसाच. दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकते, आणि विचारलं तर म्हणते, भिंत पडेल म्हणून धरली होती.

बाबा नेहमीसारखेच. तुझं पत्र वाचून झालं की मी ते त्यांच्या बाइंडिंगच्या टेबलावर खळीच्या भांड्याशेजारी ठेवते आणि रुग्णालयात शिकायला जाते. परत येते तेव्हा ते पुस्तकं दाबायच्या शिकंज्यापाशी असतं. पत्राला पाय फुटत नाहीत एवढं मला कळतं, पण आम्ही दोघंही काही बोलत नाही. कबुली दिलेल्याने पंथातून वेगळ्या झालेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला लिहायचं नाही, हा मंडळीचा नियम. त्याचं पत्र वाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही, अशी बाबांनी मनाची समजूत घातली असावी.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये मला एकोणीस पूर्ण होतात, म्हणजे प्रार्थनाघरात उभं राहून कबुली द्यायची. चारही वाक्यं तुला अजून पाठ असतील. पहिली तीन मी मनापासून म्हणेन. खरंच, आत्या. लोकांना वाटतं नर्सिंगला गेली आणि पोरीचा विश्वास उडाला. उलट वॉर्डात एखाद्या म्हातारीचा हात धरून बसते तेव्हा मी प्रार्थनाच करत असते. पण चौथं वाक्य, ‘जे वेगळे झाले ते माझे कोणी नाहीत’, ते माझ्या तोंडून निघायचं नाही. मला लिहिता येऊ लागल्यापासून जी बाई माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर देते ती माझी कोणी नाही, असं मी देवासमोर सांगू?

आणि नाही म्हटलं तर मंडळीच्या नामपोथीतलं माझ्या नावाचं पान कापणार. पोथीचं बाइंडिंग आपल्याच घरातलं, म्हणजे कापणार बाबाच. तुझंही त्यांनीच कापलं होतं ना? मला इथे कोणी धड सांगत नाही. तू सांग, आणि मी काय करू तेही सांग.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, सध्या त्याच्यावरच भागवते आहे.

तुझी,
घुमी


१२ फेब्रुवारी

चि. घुमीस अनेक आशीर्वाद, आणि त्यासोबत एक कानपिचकी.

बाई गं, चार शब्दांसाठी एवढा जीव काय टाकतेस? म्हण ते वाक्य. तू कोणी नाही म्हटल्याने मी काही झिजणार नाही. दिवसभर भिंगं घासते मी, झिजायचं काय ते त्यांनी झिजावं.

विचारलंस म्हणून सांगते. हो, दादानेच कापलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा, तुझ्या आजोबांच्या हाताखाली शिकाऊ. पोथीत ताव मधोमध दुमडतात, त्याची दोन पानं होतात आणि दोरा मधल्या घडीतून जातो. एक पान मुळापासून कापलं तर जोडीचं पान सुटून हातात येतं. म्हणून नखाएवढी पट्टी ठेवायची आणि ती जोडीच्या पानाला खळीने चिकटवायची. थोरल्या मुलीचं पान आईच्या जोडीला असतं. माझ्या जोडीला तुझी आजी होती, तुझ्या जोडीला तुझी आई असेल. दादा फार हळू कापत होता, असं एका शेजारणीने मला मागाहून सांगितलं. आजीचं पान जपायला हळू, की माझ्यासाठी, हे मी सव्वीस वर्षं स्वतःला विचारते आहे. वेडीच मी.

ज्याच्यासाठी मी वेगळी झाले तो सहा वर्षांत गेला. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि खालचा धोबी, दोघंच आले होते. तुझी आजी गेल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, तेही बसमध्ये भेटलेल्या एका बाईकडून. मी उतरायचा थांबा चुकले आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिले. हे तुझ्या वाट्याला येऊ नये. आईचा दम असा असताना तर मुळीच नाही.

तुझी पत्रं थांबतील, थांबू देत. नियम कबुली न दिलेल्या मुलांना लागत नाही, आणि भिंगरीला अजून सात वर्षं आहेत. तिचं शुद्धलेखन सोसेन मी.

शहाण्यासारखी वाग. आशीर्वाद आहेतच, ते कापायला अजून कोणाला सुरी सापडलेली नाही.

तुझी,
आत्या


२० एप्रिल

ती. आत्यास सा. न.

तुझं ऐकलं नाही. रागाव हवं तर.

तीन वाक्यं नीट म्हटली. मग गप्प राहिले. सगळ्यांना वाटलं विसरली, घुमीच ती. मंडळीच्या प्रमुखांनी पहिला शब्द सांगितला. मी गप्प. त्यांनी पुन्हा सांगितला. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलत होते, आत्या. लहानपणी पाढा अडला की समोर बसून ओठांनी सांगायचे ना, तसंच ते मला चौथं वाक्य सांगत होते. पुढच्या शब्दाला भुवया उचलायचे, तेही तसंच. तेवढ्यापुरतं वाटलं, म्हणून टाकावं.

मग मी म्हटलं की मला वाक्य येतं, पण ते खोटं आहे म्हणून म्हणणार नाही. एवढं लांब मी प्रार्थनाघरात पहिल्यांदाच बोलले. बाबांचे ओठ त्यानंतरही थोडा वेळ हलतच होते.

तेव्हापासून माझ्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही. ताट बाइंडिंगच्या टेबलावर येतं. भिंगरीला नियम लागत नाही, तर ती शेजारी बसून माझ्याच ताटातलं खाते. काल पान कापलं. सुरीला धार लावल्याचा आवाज सकाळीच आला. मला प्रार्थनाघरात जायची परवानगी नव्हती. बाबा परत आले, हात धुतले, आणि दुपारपर्यंत ओल्या हातांनीच बसून होते. आईने माझ्या स्वेटरला सगळी बटणं नव्याने शिवली, अगदी घट्ट होती तीसुद्धा. ती माझ्याशी बोलत नाही, फक्त दोरा ओवायला सुई माझ्यापुढे धरते.

पंचवीस तारखेच्या बसने निघते. एक ट्रंक आहे. तुझ्या खोलीत मावेल ना?

मी घाबरले आहे. माया असू दे, आता लपून करायची गरज उरलेली नाही.

घुमी


२ मे

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तू उत्तर लिहिणार नाहीस हे माहीत आहे. भिंगरीच्या नावावर पाठवते आहे, म्हणजे पाकीट खळीच्या भांड्याशेजारी पोचेल.

पोरगी सुखरूप आली. इथल्या रुग्णालयात तिला घेतलं आहे. जेवते, पण ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसते. मी समोर बसले की दचकते. दहा दिवसांत ही सवय लागली तिला, दादा. तुम्हा सगळ्यांची मला चीड येते आणि मग तुझे ते हलणारे ओठ आठवतात.

वहिनींचा दम वाढला तर कळव. कसं ते तू बघ. माझ्यासारखं तिला बसमध्ये कळू नये, एवढंच मागते. सव्वीस वर्षांत दुसरं काही मागितलेलं नाही.

तुझी धाकटी बहीण, अजूनही.


१९ सप्टेंबर

ती. घुमीताईस, भिंगरीचा सा. न.

आई मंगळवारी सकाळी गेली.

तुला कळव असं बाबांनी मला सांगितलं नाही. माझ्या वहीवर कोरा कागद, पाकीट, तिकीट आणि आत्याचा पत्ता ठेवला आणि शिकंज्यापाशी जाऊन पाठ करून बसले. म्हणून लिहिते.

शेवटी शेवटी जिन्यात पाऊल वाजलं की आई विचारायची, कोण आलं. मी सांगायची, दूधवाला, नाहीतर शेजारच्या काकू. एकदा वाटलं खोटंच सांगावं की तू आलीस. नाही सांगितलं. आता वाटतं सांगायला हवं होतं. तू रडत असशील तर थांबून पुढचं वाच.

आईची तारीख घालायला नामपोथी घरी आणली. प्रमुख समोर बसले होते. बाबांना आता बारीक दिसत नाही म्हणून पान मी धरलं होतं. आईच्या पानाच्या मुळाशी तुझी पट्टी चिकटवलेली आहे. ताई, बाबांकडे दुरुस्तीला येणाऱ्या पोथ्यांत मी कितीतरी पट्ट्या पाहिल्यात, सगळ्या नखाएवढ्या. तुझी दोन बोटं रुंद आहे. खळ फक्त कडेला आहे, वरचा कोपरा सुटा आहे. तो उचलला तर आत शिवणीजवळ तुझं नाव आहे. अख्खं. कापलंच नाही बाबांनी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तूच म्हणतेस ना? मी कोपरा दाबून बसवला. प्रमुखांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, काही नाही, खळ जरा जास्त लागली आहे. बाबांनी तारीख घातली. शाई सांडली थोडी.

ते आजकाल मला कबुली घोकायला लावतात. चारही वाक्यं. चौथ्याला त्यांचा आवाज बसतो, पण म्हणवून घेतात. मी म्हणते. अजून सात वर्षं आहेत, तेव्हाचं तेव्हा बघू.

उत्तर माझ्या नावावर पाठव. वाचून झालं की मी ते खळीच्या भांड्याशेजारी ठेवीन. माझ्यावर जास्तीची माया कर, आईच्या वाट्याचीही.

तुझी,
भिंगरी

ता. क. हे पान आत्याला दाखवू नकोस. बाबा शाई पुसायला फडकं आणायला उठले तेव्हा मी आजीचं पानही उघडून पाहिलं. आत्याची पट्टी नखाएवढीच आहे. कोरी.