धुक्यातला गवा

१ सप्टेंबर
आजपासून लग्नं बंद. सतरा वर्षं नवरदेवांच्या माना सरळ केल्या, बास झालं. आता वन्यजीव छायाचित्रण.
कारण काल संघप्रियाला मैत्रिणीनं विचारलं, तुझे पप्पा काय करतात? पोरगी म्हणाली, लोकांना गोरं करतात. दहावीतली पोर! काळजात कळ आली. बापाबद्दल तिनं छाती ठोकून सांगावं, एवढंच आता पाहिजे.
प्रायॉरिटी : कला पहिली, फॅमिली दुसरी.

२ सप्टेंबर
तुळशीच्या लग्नानंतरची सगळी बुकिंग आमच्यातल्याच एका फोटोग्राफरला, सिकंदरला देऊन टाकली. तो म्हणाला, प्रसेनजीत, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? रात्री शालननं भाजीत मीठच घातलं नाही. बायकोचा पूर्ण पाठिंबा आहे.

७ सप्टेंबर, पहाटे ४
राधानगरीच्या अभयारण्याकडं निघालो. आता दर रविवारी.

७ सप्टेंबर, सकाळी ११
जरा डोळा लागला. जनावरांना पहिल्याच दिवशी त्रास देणं बरं नव्हे.

२१ सप्टेंबर
मिळाला! धरणाच्या अलीकडं, धुक्यात, गवा! आठ फुटांवर. पळाला नाही. माझी साधना ओळखली असणार. गव्याच्या पायात पांढरे मोजे असतात म्हणे, पण पाय गवतात होते. शिंगांवर लाल छटा, कोवळं ऊन. गळ्यात कवड्यांसारखं काहीतरी, चिखल असेल. शेवटी त्यानं लेन्स चाटली. जगात कुणाला असा अनुभव आला नसेल.

४ ऑक्टोबर
छायाचित्र प्रदर्शनात निवड! नाव दिलं, ‘एकाकी गवा’. संघप्रिया म्हणाली, अख्खा वर्ग घेऊन येते. शालनला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघते.

१२ ऑक्टोबर
एक पावणं फोटोपुढं थबकलं आणि हॉल दणाणला : आगं, ही आमची चिंगी की! सयाजी गवळी. म्हैस चरायला सासुरवाडीला राधानगरीत सोडलेली. शिंगांचा रंग गेल्या दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीचा. मी शास्त्रीय मुद्दे मांडले. त्यानं मोबाईल काढला. तीच शिंगं, त्याच कवड्या.
वर्ग पोट धरून हसला. संघप्रिया हसली नाही, बाहेर निघून गेली. लई वाईट वाटलं. प्रकाशयोजना चुकीची होती हॉलची.

१३ ऑक्टोबर
सयाजी घरी आला. वाटलं, भांडायला. पण म्हणाला, चिंगीचा एवढा देखणा फोटो कुणी काढला न्हाय, पाडव्याला चौकात तिचं मोठं डिजिटल बॅनर लावायचंय. मी साफ नकार दिला. कलावंताला स्वाभिमान असतो.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
होकार दिला. हे एकच काम. शालननं आज भाजीत मीठ घातलं.

१८ ऑक्टोबर
एडिटिंग. सयाजी खुर्चीला खुर्ची लावून बसला. मी सवयीनं चिंगी उजळली. तो भडकला. काळी करा म्हणाला, आणखी काळी, नुसती चकाकली पाहिजे. डोळे भरून आले. सतरा वर्षांत असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
चौकात पंधरा फुटी चिंगी. खाली माझं नाव, ठळक. म्हशी नटूनथटून निघालेल्या, पुढं मालकांच्या सायलेन्सर काढलेल्या गाड्या, त्या आवाजामागं म्हशी पळतात. गर्दीत संघप्रिया मैत्रिणींना बोर्ड दाखवत होती. लपून ऐकलं. मान ताठ करून, मोठ्यानं सांगत होती, माझे पप्पा म्हशींचे फोटो काढतात.
वन्यजीव, एवढीच दुरुस्ती करायला मी पुढं निघालो. तेवढ्यात सयाजीनं दंड धरून ओढलं. सात म्हशी फोटोसाठी रांगेत उभ्या होत्या, शिवाय चिंगीचं रेडकू. दुरुस्ती राहून गेली.
सातही म्हशी नीट आल्या. रेडकू काही केल्या हसेना.