रविवारी कुठे न्यायचं

प्रिय जावईबापू,

हा हुद्दा तुझ्याकडे अजून आहे असं मी धरून चाललोय. वकिलांनी काढून घेतला की कळव, मग दुसरा शोधू. तू मला लग्नाच्या दिवसापासून ‘काका’ म्हणत आलास, ‘बाबा’ म्हणायला तुझी जीभ कधी रेटली नाही, तेव्हा तुझ्या बाजूने बदलायचं असं फारसं काही नाही. तुझा निरोप मिळाला. ‘काका, येत्या रविवारी भिंगरीला कुठे नेऊ? जवळपासचं सगळं झालं. तुम्हाला सगळ्या जागा माहीत आहेत.’ वाचून मी दुकानात एकटाच हसलो. समोर एक गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघत होतं, त्याला वाटलं मी त्याच्या नाकाला हसतोय. फ्रेम काउंटरवर ठेवून निघून गेलं. तुझ्यापायी एक चष्मा बुडाला, हे आधी सांगून ठेवतो.

जागा माहीत आहेत, हे मात्र खरं. या विषयात माझा हात धरणारा कोणी भेटायचा आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असा एकही किल्ला, राजवाडा, दीपस्तंभ, बंद पडलेली गिरणी किंवा कुणी मोठा माणूस जन्मला म्हणून तिकीट लावलेलं घर उरलेलं नाही, जिथे मी तुझ्या बायकोला ती तुमच्या लेकीएवढी, भिंगरीएवढी असताना फिरवलं नाही. तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा वाटणीत मला रविवार आला. सकाळी फाटकाशी घ्यायची, संध्याकाळी फाटकाशीच सोडायची. फाटकाच्या आत तुझ्या सासूबाईंचं राज्य, बाहेर सगळं जग माझं. इतकं मोठं जग अंगावर आलं की माणूस घाबरून तिकीटखिडकी शोधतो.

पहिल्या रविवारी आम्ही किल्ल्यावर गेलो. बसमध्ये ती खिडकीशी, मांडीवर दप्तर, दप्तरात आईने भरून दिलेला जादा स्वेटर, पाण्याची बाटली, जखमेच्या पट्ट्या आणि माझ्यावर विश्वास नसल्याचा आणखी बराच पुरावा. किल्ल्यावर एक तोफ होती. तोफेवर बसू नये अशी पाटी होती आणि तोफेवर एक अख्खं कुटुंब बसलं होतं. मी तिला तटबंदीची रुंदी समजावून सांगितली. का सांगितली, ते विचारू नकोस. बोललं नाही तर शांतता होते, आणि शांतता झाली की ती काहीतरी विचारेल अशी मला धास्ती होती. मग दर रविवारी हेच. वारसा म्हणजे काय, ते मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की व्याख्याच करून ठेवली आहे: ज्या खोलीत कुणालाच राहायचं नाही, तिला दोरी बांधली की वारसा होतो.

किल्ले संपल्यावर महोत्सव लागले. दर गावाचा एक महोत्सव असतोच, आणि ज्या गावात दाखवण्यासारखं काहीच नसतं तिथला दोन दिवस चालतो. कंदिलांचा केला, फुलांचा केला, जुन्या मोटारींचा केला. बोटींच्या शर्यतीला गेलो तर वारा सुटला म्हणून शर्यत रद्द, दिवसभर काठावर पालथ्या पडलेल्या बोटी बघितल्या. भोपळ्यांच्या महोत्सवात पहिल्या आलेल्या भोपळ्याशेजारी उभं राहून आम्ही फोटो काढून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात तिघांपैकी निवांत दिसतो तो भोपळा.

अशा ठिकाणी माझ्यासारखे पुष्कळ असायचे. रविवारचे बाप लांबूनही ओळखू येतात. शर्ट इस्त्रीचा, हातातलं आइस्क्रीम पोराला झेपेल त्याहून मोठं, आणि घड्याळाकडे बघायची तऱ्हा चोरटी. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, पुढे बोलायचो मात्र नाही. बोलणार काय, आपलं दुकान एकच, गिऱ्हाइकंही तीच. तुलाही बघून एव्हाना कुणीतरी मान हलवली असेल.

आणि प्रत्येक रविवारी परतीच्या बसमध्ये मी विचारायचो, कसं वाटलं. ती म्हणायची, छान. किल्ला छान, भोपळा छान, दीपस्तंभ छान, रद्द झालेली शर्यतसुद्धा छान. मी लोकांना चष्मे लावून देणारा माणूस. समोरचा तक्त्यावरची अक्षरं वाचतोय की मागच्याने म्हटलेली पाठ करून म्हणतोय, हे मला दोन ओळींत कळतं. तिच्या बाबतीत कळलं नाही. किंवा कळलं, आणि मी पुढच्या रविवारची जागा ठरवायला घेतली.

तू म्हणशील, मग घरी का नाही नेलंत. त्या वर्षांत मी दुकानाच्या मागे राहायचो. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे काचा घासायची खोली. खोलीच्या मधोमध ते यंत्र, यंत्राखाली गढूळ पाण्याचं भांडं, आणि घासलेल्या काचेची पांढरी पूड सगळीकडे. उशीवर, बशीवर, पावावर. कॉटच्या उशाशी फ्रेमांचे खोके छताला टेकलेले, कुशीवर वळलो की वरचा खोका अंगावर यायचा. खुर्ची एकच, तीही दिवसा पुढे गिऱ्हाइकांच्या सेवेत. ही इथे येऊन गेली आणि घरी जाऊन आईला सांगितलं, बाबा खोक्यांत राहतात, तर? तुझ्या सासूबाई काही बोलल्या नसत्या. त्यांचं न बोलणं तू ऐकलेलं आहेस. मी स्वतःला समजवायचो, नीट जागा मिळाली की नेऊ. पडदे लावू, तिच्यासाठी छोटा पलंग घेऊ, भिंतीला रंग देऊ. नीट जागा मिळाली, पलंगही घेतला. तोवर तिला रविवारी मैत्रिणींकडे जायचं असायचं. पलंगावर मी कपड्यांच्या घड्या ठेवायला लागलो.

पुढे ती कॉलेजात असताना दुकान हलवायचं ठरलं, तेव्हा ती आवरायला आली. पुढचं सगळं बांधून झालं आणि तिने पडदा सारला. आत गेली नाही, दारातच उभी राहिली. मग विचारलं, बाबा, तुम्ही इथे राहायचात? मी म्हटलं, हो, फार वाईट खोली होती. ती म्हणाली, आणि मला वाटायचं की तुमच्या घरी दुसरी मुलगी आहे. म्हणून मला नेत नाही. हे तिने अगदी सहज सांगितलं, लहानपणी अमुक भाजी आवडायची नाही असं सांगावं तसं. मग आत जाऊन यंत्राचं चाक हाताने फिरवून बघितलं. म्हणाली, हे मी दिवसभर फिरवत बसले असते. मी तिथे खोके बांधत होतो. सुतळी तीच होती, पण गाठ काही केल्या बसेना.

त्यालाही आता किती वर्षं झाली. आमच्यात भांडण नाही, अबोला नाही. भिंगरी तुला ‘ए बाबा’ करून शर्ट ओढते, माझी मला अजून ‘तुम्ही’ म्हणते, एवढाच काय तो फरक. मी तिच्या घरी गेलो की पाणी, चहा, तब्येत कशी आहे, इथवर आमचं बरं चालतं. त्यापुढे दोघंही चपला शोधायला लागतो. बाबा, ते नवीन प्रदर्शन लागलंय, जायचं का? जाऊ या की. चार भिंतींत बसायचं कसं, ते आम्हाला येत नाही. आमच्या भेटीला तिकीट लागतं.

म्हणूनच मध्यंतरी तिचा फोन आला की राजवाड्यात नवं दालन उघडलंय, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हल्ली दारातच माहिती सांगणारं, कानाला लावायचं यंत्र देतात, मी ते हौसेने लावलं. तिने घेतलं नाही. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. झुंबराखाली ती थांबली, माझ्याकडे वळली आणि तिचे ओठ हलले. माझ्या कानात एक भारदस्त बाई सांगत होती की या झुंबराच्या निम्म्या काचा बोटीतच फुटल्या आणि राजाने तशाही परिस्थितीत ते टांगायचा हुकूम दिला. मी यंत्र काढून विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, काही नाही. झुंबर छान आहे. तुमचं दोघांचं मोडल्याचं मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही तुझ्या सासूबाईंच्या तोंडून. तुम्हाला सांगितलं असेलच तिने, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, सांगितलं. खोटं नव्हतं ते. तिने सांगितलंच होतं.

तुमचं काय बिनसलं त्यात मी पडत नाही. मुलीचा बाप म्हणून तुझ्यावर चिडायचा माझा हक्क आहे आणि तो मी फावल्या वेळात बजावतो. पण पाहिलेलं एक सांगतो. पूर्वी मी तुमच्याकडे यायचो तेव्हा तू कामावरून येऊन सोफ्यावर आडवा झालेला असायचास, अंगाला लिफ्टच्या ग्रीसचा वास, आणि भिंगरी तुझ्या पोटावर पालथी. दोघं काहीही करत नसायचात. ती तुझ्या शर्टाचं एक बटण पिळत बसायची, तू डोळे मिटून मॅच बघायचास. माझी मुलगी करवादायची, अरे तिला जरा बाहेर ने, काहीतरी दाखव. ती बिचारी दुसरं काय म्हणणार, तिला बाप म्हणजे एवढंच माहीत. मी मात्र चहा पीत बसायचो. मला तुझा हेवा वाटायचा. सासऱ्याने जावयाचा हेवा करणं दिसायला बरं नाही, म्हणून दुसरा कपही घ्यायचो.

आणि आता तू शर्टाला इस्त्री करतोस. परवा फोनवर बोलता बोलता म्हणालास, कंपनीतल्या दोघांबरोबर एका खोलीत आहे, गादी जमिनीवरच आहे, ओट्यावर लिफ्टचे सुटे भाग पडलेले असतात. आणि लगेच पुढे म्हणालास, नीट जागा मिळाली की नेईन तिला. तेव्हा मी तुला म्हटलं की दुकानात गर्दी आहे, नंतर बोलू. दुकानात कुणीही नव्हतं.

हे सगळं मी तुला फोनवर सांगू शकलो असतो, किंवा एखादी जागा सुचवून मोकळा झालो असतो. एक बाहुल्यांचं संग्रहालय खरंच चांगलं आहे. पत्र लिहायला बसलो ते बुधवारमुळे. तुझी बायको भिंगरीला डोळे तपासायला माझ्याकडे सोडून बँकेत गेली. मी तिला उंच खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, एक डोळा झाकला. भिंगं बदलत विचारत होतो, हे बरं की आधीचं बरं, आणि मध्येमध्ये रविवारच्या गप्पा. बोटी छान होत्या म्हणाली. फुलपाखरं पण छान होती. मग बारीक ओळीपाशी थांबली आणि तक्त्यावरची नजर न काढता म्हणाली, आजोबा, बाबा झोपतो कुठे? मी म्हटलं, त्याच्या घरी. ती म्हणाली, त्याला घर आहे? मग आम्ही पाऊस असला तरी बाहेर का असतो? मला वाटलं, तो बसस्टॉपवर झोपतो. तिथेच मला आईकडे सोडतो ना, म्हणून. मी भिंग बदललं आणि विचारलं, आता कसं दिसतंय. तिला नंबर नाही, नजर चांगली आहे. तर या रविवारी तिला कुठेही नेऊ नकोस. तुझ्या खोलीवर ने. त्या दोघांना सांग, पसारा आवरायचा नाही. ओट्यावरच्या सुट्या भागांत तिला हात घालू दे, जमिनीवरच्या गादीवर लोळू दे, चांगली कंटाळू दे. दुपारी तू तिच्या शेजारी झोप काढ, घड्याळ बघू नकोस. आवडलं का, असं अजिबात विचारू नकोस. तिचं तीच बोलेल, आणि माझा अंदाज आहे की म्हणेल, ए बाबा, इथे घाण वास येतो. तसं म्हणाली, तर मला लगेच फोन कर. मी दुकान उघडं असलं तरी उचलेन.

तुझाच,
काका