गिऱ्हाईक कशाने घटतं

श्रीरामपूर, ९ ऑगस्ट १९९८

आदरणीय कोंडीराममामा, महेंद्रचा सप्रेम जय भीम.

सावेडीत सगळी मंडळी खुशाल असतीलच. मामींचा गुडघा कसा आहे? (मी सांगितलेलं तेल लावलं नसेल तर बरा असेल, असं तुमची भाचेसून भारती म्हणते.)

आप्पासाहेबांनी समोर कापडाचं नवं दुकान टाकल्यापासून आमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं, हे तुम्हांला ठाऊक आहेच. असंच चाललं तर दिवाळीला आमचं शटर खाली. पण तुमचा भाचा हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नाही. एक जुना कॉम्प्युटर आणला आणि उद्या किती गिऱ्हाईक येणार ते आजच सांगायला त्याला शिकवलं. (माझा नगरचा सहा महिन्यांचा कोर्स वाया गेला म्हणणारे आता गप्प आहेत.) नियम एकही सांगितला नाही. वर्षभराच्या नोंदी पुढ्यात टाकल्या, म्हणजे बाजारचा दिवस, कारखान्याचा पगार, लग्नतिथी, पाऊस, शिवाय गल्ल्यावर मी की भारती. कशाने गिऱ्हाईक वाढतं नि कशाने घटतं ते त्याचं त्यानेच ताडलं. मंगळवारी म्हणाला एकेचाळीस, आले एकोणचाळीस. (दोघं दारातून परत गेले, ते धरले तर बरोब्बर.)

मग हौसेने विचारलं, सगळ्यांत जास्त कशाने घटतं? मला वाटलं पाऊस म्हणेल. तर पडद्यावर आलं, गल्ल्यावर महेंद्र. तीनदा विचारलं, बेटा ढिम्म हलला नाही. आता माझा गुन्हा काय, तर बाईने साडी हातात घेतली की मी खरं ते सांगतो, हा रंग दोन धुण्यांत जाईल आणि तसाही तुम्हांला शोभत नाही. प्रामाणिकपणाला हल्ली किंमत राहिलेली नाही.

भारती एवढंच म्हणाली, "जा की चार दिस अकोल्याला, मावशी लई आठवण काढतीया." गेलो. कॉम्प्युटर म्हणाला होता रोज सत्तर. परत आलो तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मला बघून एका बाईने हातातली साडी खाली ठेवली. मामा, खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. पण त्याला एवढं शहाणं केलं कोणी? मीच ना.

तुमचा भाचा,
महेंद्र

ता.क. हल्ली गल्ल्यावर भारती असते. मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी (पडदा ओढून).

आणखी एक. आप्पासाहेबांना गल्ल्यावर बसायला माणूस हवा आहे. तुमचा त्यांच्याशी घरोबा आहे, माझ्यासाठी तेवढा शब्द टाका. ही कल्पना भारतीची. म्हणते, पगार नाही दिला तरी चालेल, दिवाळीच्या आत बसवा म्हणजे झालं.